फट बुजवण्याआधी

या सदरात आपण गळणारा नळ पाहिला, उन्हाळ्यात खिळखिळं झालेलं लाकडी कपाट पाहिलं, पावसाळ्याआधी कौलंही चाळून झाली. आज जरा वेगळीच वस्तू घेतली आहे. नाव! 'अगं बाई, आमच्या दारात कुठली आली नाव?' असं म्हणून पान उलटू नका हं. नाव तुमच्या घरी नसेल, पण आज जे सांगणार आहे ते तुमच्या गळक्या गच्चीलाही लागू पडेल, आणि थोडंफार आपल्या स्वभावालाही.

आमच्या उमरेडला समुद्र नाही. उमरेड म्हटलं की लोकांना कोळशाच्या खाणी आठवतात, अलीकडे कऱ्हांडल्याचे वाघ आठवतात. पण पूर्व विदर्भात पाण्याला तोटा नाही. गावोगावी जुने तलाव आहेत. पूर्वेला वैनगंगा आहे, आणि तिच्यावर गोसीखुर्दचं मोठं धरण. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली होती. या पाण्यावर आमच्याकडच्या ढीवर समाजाची कितीतरी घरं चालतात. पावसाळ्यात तलावात शिंगाड्याचे वेल लावायचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास शिंगाडे तोडायचे, उरलेला वेळ मासोळी. एकादशीला आपण ज्या पिठाचा शिरा करतो, ते पीठ असं कुणीतरी पाण्यात उतरून, डोंग्यात बसून आपल्यापर्यंत पोचवलेलं असतं.

उमरेडजवळच्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. मी त्यांचा हिशेब लिहायला महिन्यातून दोनदा जाते. त्यातली एक मुलगी (मुलगीच म्हणते, वय बत्तीसच्या आत-बाहेर) दोन वर्षांपूर्वी विधवा झाली. पदरात दोन लेकरं. नवरा तलावावर काम करायचा. त्याची नाव घराच्या मागे मोहाच्या झाडाखाली पालथी पडून होती. आमच्याकडे डोंगा म्हणतात तो एकाच खोडातून कोरलेला. ही तशी नव्हती, फळ्या जोडून केलेली लहान नाव होती. दोन उन्हाळे तिनं कोरड्यात काढलेले. विदर्भाचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे! फळ्याफळ्यांमधून उजेड दिसत होता.

दिराचं म्हणणं, "लाकूड विकून टाक, चूल तरी पेटल कोनाची." पण तिच्या मनात वेगळंच होतं. गटाला तलावात शिंगाडा लावायची परवानगी मिळाली होती. नाव असेल तर तोडणीच्या दिवसांत तिचा वाटा वेगळा धरायचा, असं गटात ठरलेलं. म्हणजे नाव दुरुस्त झाली तर वर्षाचा आधार, नाही झाली तर दुसऱ्याच्या शेतात निंदण. इतका साधा हिशेब होता तो, आणि माझ्याच वहीत लिहिलेला.

आता माझी हुशारी ऐका. आमच्या न्हाणीघराच्या फरशीचं काम नुकतंच झालं होतं, पांढरं सिमेंट उरलं होतं. मी म्हटलं, "अगं, त्यात काय? आतून सिमेंट भरू, वरून डांबर फासू. पाणी जाईलच कुठून?" मला वाटलं, फट ती फट, मग ती न्हाणीतली असो की नावेतली! एका दुपारी आम्ही दोघींनी मिळून नाव आतून लख्ख लिंपून काढली. फोटो काढावा इतकी सुंदर दिसत होती.

जूनच्या सुरुवातीला चार बायकांनी ती उचलून तलावात लोटली. ती आणि आणखी एक जण आत बसल्या. काठापासून वीस-पंचवीस हात गेल्या असतील नसतील, तोच सिमेंटचे तुकडे सुटायला लागले आणि पायाशी पाणी! नशीब, पाणी कंबरेइतकंच होतं. ओढत परत आणली. काठावर उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. घरी येऊन रात्री मात्र माझ्या डोळ्यांपुढे तेच: हे तलावाच्या मध्यावर झालं असतं तर?

पवनीच्या घाटावर

कुणीतरी म्हणालं, पवनीला जा, पावसाळ्याआधी तिथं घाटावर नावा दुरुस्तीला निघतात. आम्ही दोघी एस.टी.नं भिवापूरमार्गे पवनीला गेलो. ओळख कुणाचीच नाही. घाटावर एक म्हातारे बाबाजी पालथ्या नावेच्या पोटाशी बसून पटाशीनं काहीतरी ठोकत होते. शेजारी एक मध्यमवयीन बाई कापसाचा पेळू वळत होती. आम्ही जवळ जाऊन उभ्या राहिलो. विचारायला जीभ उचलेना. दोन बायका नाव दुरुस्त करणार म्हटल्यावर हसतील, हीच भीती.

शेवटी मीच सुरुवात केली. नाव गळते, काय करावं? बाबाजींनी वर न पाहताच विचारलं, "आधी काय लावलं होतं तिले?"

मी म्हटलं, "डांबर."

मैत्रिणींनो, हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. सिमेंटचं नाव माझ्या तोंडून निघेना. चार पुस्तकं शिकलेली बाई, हिशेब लिहिणारी; कसं सांगणार? बाबाजी म्हणाले, "मंग काही नाही जी. खरवडा अन् पुन्हा डांबर मारा." आणि आम्ही परत फिरणार, तेवढ्यात ती पुढं झाली. म्हणाली, "बाबाजी, आमी सिमेंट भरलं होतं जी. आतून. सारं निघून आलं."

'काकूंनी सांगितलं' असं ती म्हणाली नाही. 'आमी' म्हणाली.

बाबाजींनी हातातली पटाशी खाली ठेवली. हसले नाहीत. म्हणाले, "हे आधी सांगाले पाहिजे होतं, माय. लाकूड पानी पेते, फुगते. सुकलं का आखडते. सिमेंट ना फुगे ना आखडे, म्हनून सुटते. अन् जिथं सुटलं नसन तिथं त जास्त भेव. त्याच्याखाली ओल दबून राह्यते, लाकूड सडते. सारं सिमेंट काढा अन् सुरीचं टोक टोचून पाहा. रुतलं का समजा फळी गेली."

मग तासभर त्यांनी आम्हाला समोर बसवून शिकवलं. नुसतं सांगितलं नाही, एक फट आमच्या हातून भरून घेतली. त्या बाईनं कापूस वळायला शिकवलं. जाताना मी पैसे पुढे केले तर बाबाजी म्हणाले, "पैसे राहू द्या. शिंगाडे तोडले का एक पायली आनून द्या."

काय शिकलो, ते असं

ते सगळं मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं. फळ्यांच्या नावेसाठी क्रम असा:

१. आधी पाणी पाजा. उन्हात सुकलेल्या नावेच्या फटी लगेच भरू नयेत. ओली पोती टाकून नाव सावलीत तीन-चार दिवस ओली ठेवावी. लाकूड फुगतं आणि बारीक फटी आपोआप मिटतात. कोरड्या लाकडात कापूस गच्च ठोकला, तर पुढे फळ्या फुगल्यावर त्यांना जागा राहत नाही. खिळे ढिले होतात, फळी उचकटते.

२. गळती उलटी शोधा. नाव चार विटांवर ठेवून आत पाणी ओतावं आणि खालून पाहावं. थेंब जिथं बाहेर येईल तिथं कोळशानं खूण करावी. पाण्यात तरंगत असताना आत पाणी जिथं दिसतं, तिथंच भोक असेल असं नाही. ते फळीच्या कडेनं वाहत दुसरीकडे निघतं.

३. जुनं सगळं काढा. जुन्या डांबरावर नवं डांबर म्हणजे मळक्या कपड्यावर इस्त्री! लाकूड दिसेपर्यंत खरवडावं. सुरीच्या टोकानं तपासावं. मऊ लागलं तर धड लाकूड लागेपर्यंत तो भाग सुताराकडून कापून सागाचा तुकडा बसवून घ्यावा. सडक्या लाकडात कापूस भरून उपयोग नाही.

४. सावलीत वरवर सुकू द्या. दोन दिवस पुरे. तेलाची लांबी ओल्या लाकडाला धरत नाही.

५. कापूस बाहेरून भरा. पाण्याचा दाब बाहेरून आत असतो, म्हणून बाहेरून भरलेला कापूस पाणीच आत दाबून धरतं. आतून भरलेला ते बाहेर ढकलतं. कापसाचा सैलसर पेळू वळून जवसाच्या तेलात बुडवून पिळावा आणि बोथट पटाशी व लाकडी मोगरीनं हलक्या हातानं बसवावा. भांड्याच्या तोंडाला दट्ट्या मारतो तसा नव्हे. बोटानं दाबलं तर जरा दबला पाहिजे.

६. वरून लांबी. राळेची पूड किंवा खडूची पूड जवसाच्या तेलात कणकेसारखी मळून फटीवर भरावी. तेल जवसाचंच का? ते हवेत वाळून कडक होतं. शेंगदाण्याचं तेल वर्षभर ठेवलं तरी चिकटच राहील. लांबी चांगली धरली की बाहेरून डांबराचा पातळ हात.

७. पुन्हा पाणी. उथळ पाण्यात दोन दिवस बांधून ठेवावी. पहिल्या दिवशी थोडं पाणी येतंच, घाबरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येत राहिलं, तर मात्र पुन्हा विटांवर.

आणि आपल्या पानाच्या रिवाजाप्रमाणे दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली: जवसाच्या तेलाचे बोळे, चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. घरात दारं-खिडक्यांना तेल देणाऱ्या बहिणींनीही हे लक्षात ठेवावं. दुसरी: डांबर घरात, स्वयंपाकाच्या गॅसवर मुळीच तापवू नका. बाहेर, मंद आचेवर, मुलांना दूर ठेवून. हातावर उडालं तर लगेच थंड पाण्याखाली धरा, बराच वेळ धरा, आणि चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, कातडी निघते. ते काम डॉक्टरांचं.

फायबरची नाव असेल तर

पवनीहून निघताना घाटावर फायबरच्या नावेचं काम करणारा एक कारागीरही भेटला. त्याच्याकडून दोन गोष्टी मिळाल्या. तडा गेलेल्या जागेभोवती चार बोटं पॉलिशपेपरनं खरखरीत केल्याशिवाय ठिगळ धरत नाही. आणि रेझिनमध्ये कोबाल्ट आधी घालून पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, म्हणून दोन्ही बाटल्या दूरदूर ठेवायच्या. घासताना नाकातोंडाला फडकं आणि बाह्या लांब, नाहीतर काचतंतूंनी रात्रभर खाज. मी लगेच आपल्या घरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीचं विचारलं. तो म्हणाला, "तिले रेझिन चिकटतच नाही बाई, पैसे वाया जाते." ती टाकी तापवूनच जोडावी लागते, आणि ते काम माहीतगारानंच करावं.

कापूस वळणाऱ्या त्या बाईनं मात्र दुरुस्तीचं नाही, बसण्याचं सांगितलं. ओझं मधोमध ठेवायचं. उभं राहायचं नाही. भरलेल्या नावेचा काठ पाण्यावर वीतभर तरी राहिला पाहिजे. त्याहून कमी राहिला तर दोन फेऱ्या करायच्या. पाणी उपसायचा डबा दोरीनं नावेलाच बांधून ठेवायचा, कारण गडबडीत पहिला तोच वाहून जातो. आणि प्रत्येकीजवळ तरंगणारं काहीतरी हवं: जॅकेट असेल तर उत्तम, नसेल तर निदान हवा भरलेली ट्यूब.

हे ती हसत सांगत नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात पलीकडच्या तीरावर मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली. त्यांतल्या काहीजणी परत आल्याच नाहीत. त्याच नदीच्या काठी ती बाई राहते. नाव पुरुष वल्हवतात, पण मजुरीला निघालेल्या बायकाच तिच्यात दाटीवाटीनं बसतात. मग नावेचं शहाणपण आपल्याला नको का?

सिमेंटखाली काय निघालं

परत आल्यावर आम्ही उरलेलं सगळं सिमेंट खरवडलं. नावेच्या मागच्या भागात, जिथं सिमेंट घट्ट धरून बसलं होतं आणि मला ज्याचा सगळ्यात अभिमान होता, तिथं सुरीचं टोक लोण्यात जावं तसं आत गेलं. तळहाताएवढी फळी पार सडलेली. दोन उन्हाळ्यांची ती सड असेल. पण वरून लिंपून मी तिला झाकलं होतं. नुसतं डांबर मारून नाव पुन्हा पाण्यात नेली असती तर ती जागा कधीतरी बसली असतीच. आणि त्या वेळी पाणी कंबरेइतकं नसतं.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "माझं चुकलं गं. बाबाजींपाशी मी सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "काकू, तुमाले लाज वाटली असन. मले लेकरं दिसत होती."

यावर मी काय बोलणार?

गावच्या सुतारानं सागाचा तुकडा बसवून दिला. फटी आम्ही भरल्या. म्हणजे तिनं भरल्या, मी कापूस वळला. आषाढात वेल लावायला नाव तलावात उतरली. पहिल्या दिवशी दोन डबे पाणी उपसावं लागलं, तिसऱ्या दिवशी तळ कोरडा. टाळ्या पिटणारी पोरं आता काठावरून 'आमाले बसवा' म्हणून ओरडतात. ती बसवत नाही. दसऱ्यानंतर पहिली तोडणी झाली आणि एक पायली शिंगाडे एस.टी.नं पवनीला गेले.

तुम्ही म्हणाल, आडगावच्या नावेचं काय एवढं कौतुक! मग मोठ्या समुद्राचं सांगते. १० सप्टेंबर २०१७ रोजी आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. त्यांना तयार करणाऱ्यांत कॅप्टन दिलीप दोंदे होते. शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. परतीच्या शेवटच्या टप्प्यात 'तारिणी'च्या सुकाणूत बिघाड झाला, तेव्हा त्यांनीही मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबून दुरुस्ती करून घेतली, मगच पुढे निघाल्या. एवढ्या तयारीच्या बायका, पण 'होईल तसं रेटू' म्हणाल्या नाहीत.

तर मैत्रिणींनो, माहीतगार माणसाकडे जाताना, मग तो घाटावरचा बाबाजी असो, गवंडी असो, शिवणयंत्र दुरुस्त करणारा असो की डॉक्टर असो, तीन गोष्टी बरोबर न्या. काय बिघडलं ते. कधीपासून ते. आणि आपण स्वतः त्यावर काय करून बसलो आहोत ते. ही तिसरी गोष्ट आपण घरीच ठेवून जातो, आणि नेमकी तीच समोरच्याला हवी असते. अनोळखी माणसापुढे कमीपणा वाटतो खरा. पण अनोळखी माणूस आपल्याला पुन्हा कुठे भेटणार आहे? आणि भेटलाच, तर शिंगाडे मागायलाच भेटेल!

तुमच्याकडेही अशी एखादी अनोळखी माणसानं शिकवलेली युक्ती असेल. जरूर कळवा. आणि हो, युक्तीबरोबर आधी फसलेला प्रयोगही लिहा. माझा मी सांगितला, आता तुमची पाळी.